कांचन फिल्टर : आर्सेनिकवर खिळ्यांच्या गंजाचा उपाय

नेपाळच्या तराईत, म्हणजे दक्षिणेकडील सखल पट्ट्यात, विशेषतः नवलपरासी भागात, अनेक हातपंपांच्या पाण्यात भूगर्भातून आलेले आर्सेनिक हे विषारी द्रव्य आढळते. त्याला रंग, वास किंवा चव नसते आणि पाणी कितीही उकळले तरी ते जात नाही. अशा घरांसाठी काठमांडूची ‘एन्फो’ ही संस्था आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी मिळून कांचन फिल्टर विकसित केला. विजेशिवाय चालणारे आणि गावातल्या गावात दुरुस्त होणारे साधन म्हणून मला तो मोलाचा वाटतो. मात्र त्याच्या मूळ रचनेतील एक उणीव लक्षात घेतल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

पिंपाच्या तळाशी खडी, तिच्यावर जाड वाळू आणि सर्वांत वर बारीक वाळूचा थर असतो. पिंपाच्या तोंडाशी बसवलेल्या सच्छिद्र भांड्यात जस्ताचा मुलामा नसलेले सुमारे ५ किलो लोखंडी खिळे आणि त्यांवर विटांचे तुकडे पसरलेले असतात. खरे काम गंजाचे आहे. पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे खिळे गंजतात, त्यातून तयार होणाऱ्या लोहाच्या हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागाला आर्सेनिक घट्ट चिकटते आणि गंजाचे हे कण पाण्याबरोबर खाली उतरून वाळूत अडकतात. वापरातल्या फिल्टरचे वरचे भांडे उचलले, की वाळूवर साचलेला हा नारिंगी-तपकिरी थर स्पष्ट दिसतो. आर्सेनिकचे त्रिसंयुजी रूप सहजासहजी चिकटत नाही. लोह गंजताना या आर्सेनिकचा काही भाग सहज चिकटणाऱ्या पंचसंयुजी रूपात बदलतो आणि मग तोही धरला जातो.

उणीव आहे ती खिळ्यांच्या जागेत. ओतलेले पाणी त्यांच्यावरून भरभर निघून जाते, त्यामुळे संपर्काला जेमतेम काही मिनिटे मिळतात, आणि दोन वापरांच्या मधल्या काळात खिळे कोरडे पडून गंजण्याची क्रियाच मंदावते. पाण्यात फॉस्फेट व सिलिकेट जास्त असतील तर तेही गंजावरची तीच जागा अडवतात. कंबोडियात असे फिल्टर अपुरे पडले, त्यामागे तेथील पाण्यातले जास्त फॉस्फेट आणि कमी लोह हे महत्त्वाचे कारण होते. खिळे वाळूच्या थरात, सतत पाण्याखाली राहतील असे ठेवणे हा यावरचा सयुक्तिक उपाय आहे. बांगलादेशातील कुष्टियात विकसित झालेल्या आणि २००७ मध्ये अमेरिकेतील अभियांत्रिकीचा ग्रेंजर पुरस्कार मिळवणाऱ्या ‘सोनो’ फिल्टरमध्येही लोखंडाचा थर वाळूच्या थरांमध्येच असतो, आणि ती मांडणी मला अधिक भरवशाची वाटते.

ताशी १५ ते २० लिटर पाणी एका कुटुंबाला पुरते. धार मंदावली, की वरची वाळू हाताने ढवळून गढूळ पाणी काढून टाकायचे, ही नेहमीची देखभाल. ते पाणी मात्र विहिरीजवळ ओतू नये.

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची नेपाळची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची १०. म्हणून फिल्टर घेण्यापूर्वी हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे आणि बसवल्यावर गाळलेल्या पाण्याची तपासणीही ठरावीक काळाने करावी, कारण पाणी स्वच्छ दिसले म्हणजे आर्सेनिक गेले असे होत नाही.