कांचीपुरमला देवळं बंद झाली की दुकानं उघडतात

चेन्नईहून एका दिवसात कांचीपुरम आणि महाबलीपुरम करून आणणाऱ्या गाड्या सर्रास मिळतात. सकाळी कांचीची देवळं, मग रेशमी साड्या, संध्याकाळी समुद्र. कागदावर झकास दिसतं. ग्यानबाची मेख दुपारी आहे. एकाम्बरेश्वर, कामाक्षी, वरदराज पेरुमाळ ही मोठी देवळं साडेबाराच्या आसपास बंद होतात, ती चारच्या सुमारास उघडतात.

आमचा ड्रायव्हर सकाळी उशिरा आला, वाटेत नाश्त्याला निवांत थांबला. आठव्या शतकातलं पल्लवांचं कैलासनाथ मंदिर तेवढं धड पाहून झालं. कामाक्षीला पोचलो तर दरवाजा बंद. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "नो प्रॉब्लम सार, वीव्हर सोसायटी. गव्हर्नमेंट रेट."

कांचीपुरमात विणकरांच्या सहकारी सोसायट्या खरोखरच आहेत, त्यामुळे पाटीवर 'सोसायटी' वाचून कुणाला शंका येत नाही. हे मात्र साधं खासगी दुकान होतं. पुढच्या खोलीत माग, मागावर अर्धी विणलेली साडी आणि शेजारी एक म्हातारबाबा. त्यांनी दोनदा धोटा फेकून दाखवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी जवळ जाऊन पाहिलं, तर विणलेल्या भागावर धुळीचा थर होता आणि त्यात कुणाच्या तरी बोटांच्या रेघा. तो माग विणायला नव्हताच, दाखवायला होता.

ताईला लेकीच्या लग्नासाठी साडी हवी होती. विक्रेत्याने पदराचा एक धागा काडेपेटीवर जाळला. जळक्या केसांचा वास आला, राख बोटात चुरली. "प्युअर, अम्मा." वर सिल्क मार्कचं लेबल. किंमत साडेअठरा हजार. "प्युअर जरी?" ताईने विचारलं. "फुल्ल प्युअर."

लेबल अस्सल होतं, रेशीमही अस्सल. सगळी लबाडी तिथेच आहे. सिल्क मार्क फक्त रेशमाची हमी देतो. जर खरी की खोटी, साडी हातमागावरची की यंत्रमागावरची, याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तो आतला धागा बहुधा लाल रंगवलेला असतो. म्हणून जरीचा धागा नखाने खरवडला की आतून लाल दिसायला हवा.

पुण्यात आल्यावर ताईने साडी जुनी जर मोडीत घेणाऱ्याकडे नेली. त्याने काठाच्या टोकाचा एक धागा ओढून खरवडला. आतून पांढरा, प्लॅस्टिकसारखा चकचकीत धागा निघाला. "यात चांदी कुठाय ताई? ही मी मोडीतसुद्धा घेणार नाही." काठही त्यानेच उलटा करून दाखवला. कोरवई विणीत अंग आणि काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत अडकवतात, ती सांधणी मागून ओळखू येते. इथे तसलं काही नव्हतं, काठ अंगाबरोबरच सरसकट विणलेला.

दुकानात फोन केला. "मॅडम, बिल पाहा. सिल्क सारी लिहिलंय, सिल्कच दिलंय." बिलावर खरंच जरीबद्दल अवाक्षर नव्हतं, जीएसटी क्रमांकही नव्हता. गाडी देणारा एजंट म्हणाला, "शॉपिंग ऑप्शनल असतं." कमिशनचा विषय काढल्यावर त्याने फोनच ठेवला.

तेव्हा कांचीला जाणार असाल तर पहाटे निघा, देवळं बारापर्यंत उरका आणि दुपारी सरळ महाबलीपुरम गाठा. तिथले पाच रथ आणि किनाऱ्यावरचं मंदिर दुपारी बंद होत नाहीत, उन्हासाठी टोपी तेवढी घ्या. चेन्नईतलं एग्मोरचं सरकारी संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यातली चोलांची ब्राँझशिल्पं पाहायची तर वार बघून आखा. साडी को-ऑप्टेक्समध्ये, म्हणजे तमिळनाडूच्या हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात, किंवा स्वतः पत्ता शोधून गाठलेल्या सोसायटीत घ्या. बिलावर 'शुद्ध जर' आणि 'हातमाग' लिहून मागा. दुकानदार तोंडाने शपथा घेतो आणि बिलावर लिहायला कांकू करतो, तिथे पैसे काढूच नका.

ताईने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते, तमिळनाडूला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. मुदत दोन वर्षांची. हेल्पलाइनवरून दुकानाला नोटीस गेली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.