‘रुग्णाच्या नकळत’ : दारू सोडवण्याच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

आमच्या दादाची दारू सुटावी म्हणून आम्ही दीड वर्षात दोनदा फसलो, आणि दोन्ही वेळा फसवणाऱ्याने आम्हाला एकच गोष्ट विकली : दारूविषयी दादाशी समोरासमोर बोलण्याची वेळच आपल्यावर येणार नाही, ही सोय. पहिल्या वेळी ती कागदाच्या पुडीतून आली. दुसऱ्या वेळी तिला तारेचे कुंपण आणि लोखंडी फाटक होते.

दादा सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग करतो. वय त्या वेळी चव्वेचाळीस. संध्याकाळची क्वार्टर कधी सकाळची झाली ते घरात कोणी मोजले नाही. पण चहाची कपबशी उचलताना बशीत कप वाजू लागला आणि मोटारीच्या खोलीत जाऊन आल्यावर तो वाजेनासा झाला, हे वहिनीने पाहिले होते. हा हात थरथरणे म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झाल्याची खूण आहे आणि अशा माणसाची दारू एकाएकी तोडणे धोक्याचे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मी पुण्यात राहते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात आहे, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होते. तरीही आम्ही तिकडे गेलो नाही, कारण ‘ओळखीचे कोणी भेटेल’ ही भीती वहिनीला होती आणि, खरे सांगायचे तर, मलाही होती.

म्हणून एसटी स्टँडच्या भिंतीवरचा कागद आम्हाला सोयीचा वाटला. ‘दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत, १००% गॅरंटी.’ फोनवरचा माणूस अतिशय मृदू बोलत असे. त्याने दादाचे वजन विचारले, तो कोणती दारू पितो ते विचारले आणि एका महिन्याच्या ‘कोर्स’चे साडेचार हजार रुपये आधी भरून घेतले. कुरिअरने तीस पुड्या आल्या. त्यांवर घटक, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत यांपैकी काहीही छापलेले नव्हते. आत पांढरी, जवळजवळ बेचव पूड होती. वहिनी ती रात्रीच्या आमटीत घालत असे आणि दादाच्या वाटीला कोणी हात लावू नये म्हणून मुलांना आधी जेवायला वाढून घेत असे.

आठव्या दिवशी दादा तासगावहून पिऊन आला. पंधरा मिनिटांत त्याचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, उलट्या सुरू झाल्या, छाती इतकी धडधडू लागली की शर्टावरून दिसत होती, आणि तो ओट्यावरच आडवा झाला. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा ऐंशीच्या आसपास होता. वहिनीने घाबरून त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, औषध लागू पडतंय. आता बंद करू नका, पुढचे दोन महिनेही मागवून ठेवा.”

पुढे मनोविकारतज्ज्ञांनी ही लक्षणे ऐकली तेव्हा त्यांनी प्रथम नाव घेतले ते डायसल्फिराम या औषधाचे. पुडीची तपासणी आम्ही करून घेतली नाही, त्यामुळे तिच्यात तेच होते असे मी म्हणत नाही. पण त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. डायसल्फिराम हे जुने, मान्यताप्राप्त औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचा निचरा होत नाही, आणि दादाला झाला तसा त्रास होतो. क्वचित तो जिवावरही बेततो. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून हृदयाची आणि यकृताची तपासणी करून, रुग्णाला सगळे समजावून आणि त्याची संमती घेऊनच ते दिले जाते. ते गुपचूप देणे म्हणजे उपचार नव्हे, विषप्रयोगच आहे. (हा शब्द माझा आहे, डॉक्टरांनी ‘अत्यंत बेजबाबदार’ असे म्हटले होते.)

साडेचार हजार गेले ते गेले. परंतु वहिनीने रडत रडत पुडीची गोष्ट कबूल केली, त्यानंतर जवळजवळ महिनाभर दादा घरी जेवला नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ-पाव खाऊन येत असे, आणि पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत असे. दारूविषयी घरात जे काही बोलणे होऊ शकले असते, तेही त्यामुळे बंद झाले.

ते बंद झाले म्हणूनच दुसरी फसवणूक शक्य झाली. एका नातेवाइकाने मोबाईलवर पाठवलेल्या जाहिरातीत एका निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता होता : महामार्गापासून आत, मळ्यातले एक फार्महाऊस. योगासने, ध्यान, ‘तज्ज्ञ डॉक्टर २४ तास’, तीन महिन्यांत खात्रीशीर मुक्ती. चौकशीसाठी त्यांनी एका ‘बऱ्या झालेल्या पेशंटच्या पत्नी’चा फोन नंबर दिला आणि त्या बाई इतके भरभरून बोलल्या की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले. तीन महिन्यांचे पंचेचाळीस हजार रुपये एकरकमी आणि आगाऊ द्यायचे होते. पावती मिळाली ती उपचारांची नव्हे, एका ट्रस्टला दिलेल्या ‘ऐच्छिक देणगी’ची. त्या वेळी आम्हाला त्यात फक्त ट्रस्ट हा शब्द दिसला. देणगी हा शब्द परत मागता न येणाऱ्या पैशासाठी निवडलेला आहे, हे नंतर कळले.

“त्यांना घेऊन यायचं का, साहेब?” असे वहिनीने विचारले, तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, “तुम्ही काहीच करू नका, ताई. आमची मुलं येऊन घेऊन जातील.” पहाटे साडेपाचला जीप आली. चार जणांनी दादाला बनियनवरच उचलून नेले. त्याच्यासाठी वहिनीने इस्त्री करून ठेवलेला निळा चौकडीचा शर्ट तिने मागाहून, पिशवीत घालून, केंद्रावर पोहोचवला. तिथे दादाला तो घालायला लावून ‘रेकॉर्डसाठी’ त्याचा फोटो काढण्यात आला. त्यानंतर एकवीस दिवस त्याची भेट नाही आणि त्याच्याशी फोन नाही असा नियम, कारण ‘पेशंट भावनिक होतो’. वहिनी दररोज फोन करी आणि दररोज एकच उत्तर मिळे : बरे आहेत, जेवले.

एकोणिसाव्या दिवशी त्यांचाच फोन आला की पेशंटला अशक्तपणा आहे, घेऊन जा. दादाचे वजन दृष्टीस पडण्याइतके उतरले होते. त्याला बोलता येत नव्हते, कारण जिभेची डावी कड चावली जाऊन तिथे जखम झाली होती आणि ती चिघळली होती. घोट्यांवर साखळीचे वळ होते. केंद्रात नेल्यावर दुसऱ्याच दिवशी रात्री त्याला फीट आली होती, हे आम्हाला तिथल्या एका मुलाने फाटकापर्यंत सोडायला येताना हळूच सांगितले. तो मुलगा स्वतः सात महिन्यांपासून तिथे होता. त्याच्या घरच्यांनी पैसे थकवले होते आणि तो इतरांवर पहारा करून ते फेडत होता. पाटीवर ज्या डॉक्टरांचे नाव होते, त्यांना त्याने एकदाही पाहिले नव्हते.

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी जीभ पाहताच किती तासांनी फीट आली असे विचारले. दारू एकाएकी तोडली की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येण्याची शक्यता असते. दोन ते चार दिवसांत काही रुग्णांना भ्रम होतो, ताप चढतो, नसलेली माणसे दिसतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात मृत्यू ओढवू शकतो. हे टाळण्यासाठी पहिले आठ-दहा दिवस क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे हळूहळू कमी करत नेलेल्या मात्रेत, नाडी आणि रक्तदाब पाहत दिली जातात, आणि सलाइनमधून ग्लुकोज लावण्याआधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पंचेचाळीस हजारांत आम्हाला यांतले एकही इंजेक्शन मिळाले नव्हते.

त्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवले आणि आधी दादाशी अर्धा तास बोलले. दीड वर्षात ‘तुला काय हवं आहे?’ असे त्याला विचारणारे ते पहिलेच. दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधांपैकी, यकृताचा अहवाल पाहून त्यांनी नाल्ट्रेक्सोन टाळले आणि मूत्रपिंडाची तपासणी करून ॲकॅम्प्रोसेट सुरू केले : दिवसाला सहा गोळ्या, त्या दादा स्वतःच्या हाताने डबीत मोजून ठेवतो. सोबत समुपदेशन होते, आणि आठवड्यातून तीनदा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या संघटनेत फी नाही. सभासद आपल्या खुशीने काय ते तबकात टाकतात आणि बाहेरच्यांकडून देणगी घेतलीच जात नाही. ‘देणगी’ हा शब्द ऐकला की आता मला हा फरक आठवतो. वहिनी कुटुंबीयांसाठीच्या अल-ॲनॉनला जाते. पाच महिन्यांनी द्राक्षाचा दर पडला तेव्हा दादा पुन्हा चार दिवस प्यायला. डॉक्टरांनी त्याला परत बोलावले, औषधे तपासली आणि काम पुढे चालू केले. कोणी त्याला उचलून नेले नाही. गॅरंटी हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही एकदाही ऐकलेला नाही.

कायदा आम्ही उशिरा वाचला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात दारूच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजारांत धरलेले आहेत, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णालाच दुसऱ्याच्या अर्जावरून ठेवता येते, आणि तेही मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. ट्रस्टची नोंदणी किंवा योगवर्गाचे प्रमाणपत्र दाखवून ही नोंदणी झाल्याचे भासवले जाते. आम्हालाही भिंतीवरच्या चौकटीत तेच दाखवले होते. नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळचा दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये आहे, म्हणजे जास्तीत जास्त एका रुग्णाची ‘देणगी’ आणि वर थोडे.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणते तरी उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांची घरे भिंतीवरचे कागद वाचत असतात. ज्यांना कोठे विचारावे ते कळत नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. आम्हाला ते वेळेवर माहीत असते तर, असे वहिनी अजून म्हणते.

आमची तक्रार दाखल आहे आणि ‘ऐच्छिक देणगी’च्या पावतीवरच अडली आहे. दरम्यान दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या आतेभावाने मला एक जाहिरात पुढे पाठवली आणि खाली विचारले, “हा आपला दादा ना?” फोटोत दादा निळ्या चौकडीच्या शर्टात होता, इस्त्रीची घडी बाहीवर अजून मोडलेली नव्हती, आणि खाली छापले होते : ‘९० दिवसांत दारूमुक्त’.