ब्लोअरच्या ट्रॅक्टरला पाण्याची बॅटरी की सीलबंद?

४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला दुकानदार सहसा १२ व्होल्टची, ७५ ते १०० एएचमधली (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी काढून देतो. एक्साइडची जय किसान, अमरॉनची हार्वेस्ट ही त्यातली ओळखीची नावं. वर ‘सीलबंदच न्या, पाण्याची कटकट नाही’ हा आग्रह असतोच. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) ओढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी आमचं मत उलट आहे. झाकणं उघडणारी, पाण्याचीच घ्या.

फवारणीत पीटीओ (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) ५४० आरपीएमवर राखायचा म्हणून इंजिन तासन् तास चढ्या आरपीएमवर असतं. चार्जिंगची कमतरता नसते. चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला तर ते जास्तच होतं. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १४.८ च्या वर गेलं की पाणी झपाट्याने आटतं. पाण्याच्या बॅटरीत झाकण काढलं की ते दिसतं आणि भरताही येतं. सीलबंदमध्ये लक्षात येईपर्यंत प्लेटा उघड्या पडलेल्या असतात.

दुसरा फायदा हायड्रोमीटरचा, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणाऱ्या नळीचा. पूर्ण चार्ज बॅटरीच्या सहाही सेलमध्ये ग्रॅव्हिटी १.२५ च्या आसपास, जवळपास सारखी हवी (नेमका आकडा कंपनीप्रमाणे थोडा बदलतो). पाच सेल १.२५ आणि एकच १.१५ दाखवत असेल तर तो सेल गेला, चार्जिंगला पैसे घालू नका. सगळेच १.१८ वर असतील तर बॅटरी फक्त उतरली आहे. ८८ एएचला ८-९ अँपियरने दहा-बारा तास लावा. पातळी कमी असेल तर डिस्टिल वॉटरच, प्लेटांच्या वर साधारण एक सेंटीमीटर. ॲसिड ओतून ‘जान आणायचा’ प्रकार गॅरेजवर अजून चालतो; त्याने ग्रॅव्हिटीचा आकडा वाढतो, प्लेटा मात्र खाल्ल्या जातात.

या बॅटरीचा खरा कच्चा दुवा म्हणजे हादरे, आणि त्यात दोष बहुधा बॅटरीचा नसतो. वरचा पाटा ढिला, खाली रबर नाही, मग बांधावरून जाताना वीस-पंचवीस किलोचं धूड डब्यात नाचतं. प्लेटांवरचा मसाला झडून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो. पाटा इतका आवळा की हाताने बॅटरी हलता कामा नये. त्याहून जास्त आवळला तर डबा तडकतो.

फवारणीचं तुषार बॅटरीच्या वरच्या झाकणावर बसतं, त्यावर धूळ, आणि दोन टर्मिनलांच्या मधोमध ओलसर थर तयार होतो. मीटरची काळी पिन निगेटिव्हवर ठेवून लाल पिन नुसती झाकणावर टेकवा. अर्धा-एक व्होल्ट जरी दिसला तरी करंट वरच्या वर गळतोय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, पण आधी बुचं घट्ट लावा, सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं. टर्मिनलवरचं निळं-हिरवं फूल बघून लोक बोर्डोला (मोरचूद-चुन्याच्या फवारणीला) दोष देतात. बहुतेक वेळा ते ॲसिडने खाल्लेलं केबलच्या लगचं (टोकाच्या कडीचं) तांबं असतं. घासून घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा.

निफाडच्या थंडीत सेल्फ अडखळला की लगेच नवी बॅटरी घेऊ नका. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि ऑइलही घट्ट होतं. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात नसेल तर बॅटरी ठीक आहे. केबल, अर्थिंग आणि सेल्फचे ब्रश तपासा. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा. १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक बसतं.

सीलबंद घ्यायची असेल तर ती जनरेटरला. तिथे हादरे कमी आणि चार्जर स्थिर असतो, फक्त फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जरचा व्होल्टेज) कंपनीच्या आकड्यावर लावा. २४ व्होल्टच्या मोठ्या मशिनला दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच मॉडेलच्या बदला. एकीवरून १२ व्होल्टचा टेप किंवा दिवा ओढला की ती अर्धवट चार्ज राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते. ही खोड वायरमनची, वॉरंटीत बसत नाही.

दुकानातून उचलण्याआधी मीटर लावायला सांगा: १२.६ व्होल्ट हवेत. तारखेचा कोड वाचून घ्या, चार महिन्यांहून जुना माल असेल तर चार्ज करून मागा. प्लस डावीकडे की उजवीकडे तेही बघा, नाहीतर केबल पोहोचत नाही. कार्डावर फ्री रिप्लेसमेंटचे महिने वेगळे आणि प्रो-राटाचे (वापरलेल्या काळाप्रमाणे किमतीत सूट) वेगळे असतात. दुकानदार दोन्हींची बेरीज सांगतो. जुनी बॅटरी परत देताना तिचे पैसे बिलात वेगळे लिहून घ्या.