ब्लू लेटर बायबल अ‍ॅप: ‘अज्ञान’ शोधायला बसलात तर

ग्रीकचा गंधही नसलेल्या माणसाला नवा करार, म्हणजे बायबलचा ग्रीकमध्ये लिहिलेला दुसरा भाग, मूळ शब्दापर्यंत जाऊन वाचायचा असेल तर ब्लू लेटर बायबल एकदम भारी आहे, अ‍ॅप पण आहे वेबसाइट पण आहे आणि दोन्ही फुकट. फक्त डेफिनिशन वाचून लगेच बंद करायची सवय असेल तर हे अ‍ॅप तुम्हाला भलतीकडे नेऊ शकतं. आमच्या बायबल स्टडीत ‘अज्ञान’ हा विषय होता तेव्हा मी ते भरपूर वापरलं, म्हणून त्याच शब्दावरून सांगतो.

वचनावर टॅप करून इंटरलिनिअर (मूळ शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ शेजारी-शेजारी) उघडलं की एकेक ग्रीक शब्द सुटा दिसतो आणि सोबत स्ट्राँगचा नंबर, म्हणजे जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या कॉन्कॉर्डन्समधले (बायबलच्या शब्दसूचीतले) तेच नंबर, प्रत्येक मूळ शब्दाला एक. प्रेषितांची कृत्ये ३:१७ मध्ये येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमच्या लोकांना म्हणतो की येशूला मारलंत ते तुम्ही आणि तुमच्या अधिकाऱ्यांनी अज्ञानामुळे केलं, तिथला शब्द आहे अग्नोइआ, नंबर ५२. नंबर दाबला की तो शब्द नव्या करारात कुठे कुठे आलाय ते सगळं समोर येतं, आणि हा तर चारच ठिकाणी आहे, कृत्ये ३:१७ आणि १७:३०, इफिसकरांस ४:१८, १ पेत्र १:१४.

खरी मजा हे चारही उतारे मागचं पुढचं धरून वाचण्यात आहे. यरुशलेमात पेत्र समोरच्यांना बंधूंनो म्हणतो, नकळत झालं तुमच्याकडून, आता पश्चात्ताप करा. अथेन्समध्ये (कृत्ये १७:३०) प्रेषित पौल सांगतो की अज्ञानाच्या काळाकडे देवाने काणाडोळा केला पण आता ती सवलत संपली. आणि इफिसकरांस पत्रात हाच शब्द अंतःकरणाच्या कठीणपणाला चिकटून येतो, तिथे ‘बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं’ हा सूर अजिबात नाही. पेत्राच्या पत्रात तर तो आधीच्या अख्ख्या जगण्याबद्दल आहे, अज्ञानात असताना ज्या वासनांच्या मागे होतात तसं आता वागू नका म्हणून.

आता खटकलेलं. लेक्सिकन, म्हणजे ग्रीक शब्दकोश, आहे थेयरचं, तेही १९व्या शतकातलं, आणि त्यात कृत्ये ३:१७ चक्क नैतिक आंधळेपणाच्या खात्यात टाकलंय! मला हे पटत नाही. जुन्या करारातलं लेवीय ५:१८ त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात बघा, तिथेही हाच शब्द, माणसाकडून न कळत चूक झाली, त्याला माहीत नव्हतं असं वचनच सांगतं, तरी त्याने मेंढा आणायचा आणि याजकाने प्रायश्चित्त करायचं. म्हणजे नकळत झालं तरी दोष आहेच, पण सुटायची वाटही ठेवलीय, आणि पेत्र नेमका असाच बोलतोय. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांचा, म्हणजे जुन्या ग्रीक कागदपत्रांचा, नव्या कराराच्या ग्रीकसाठी खरा उपयोग व्हायला लागला तो थेयरनंतर, त्यामुळे सीरियस अभ्यास करायचा तर २००० साली आलेलं बीडॅग (BDAG) हे नवं लेक्सिकन बघावं लागतं, पण ते विकत घ्यायचं आणि स्वस्त नाहीये.

अजून एक, एका नंबरवर थांबू नका. क्रियापद नंबर ५० ला आहे, पौल सारखं म्हणतो ना की तुम्ही अजाण असावं अशी माझी इच्छा नाही, ते तिथे सापडतं, आणि १ तीमथ्य १:१३ पण, मी अज्ञानाने अविश्वासात वागलो म्हणून माझ्यावर दया झाली ते. १ करिंथ १५:३४ मधलं देवाविषयीचं अज्ञान ५६ वर. आणि नंबर ५१ फक्त एकदाच येतो, इब्री ९:७, महायाजक लोकांच्या ज्या नकळत झालेल्या पापांसाठी रक्त घेऊन आत जातो ती. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात ‘अज्ञान’साठीचा इंग्रजी शब्द टाकून शोधलंत तर हे वचन हाती लागणारच नाही कारण तिथे त्याचं भाषांतर ‘चुका’ असं केलंय, नंबरने गेलात तरच मिळतं.

सगळं इंग्रजीत आहे ही आपल्याकडच्या बऱ्याच जणांना मोठी अडचण. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या भाषेत असं काही फोनवर मिळालं तर मी पैसे देऊन घेईन.

माझ्याकडून ५ पैकी ४. आणि हो, लूक २३:३४ या नंबरांत शोधत बसू नका, वधस्तंभावरच्या येशूच्या ‘ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ मधलं क्रियापद वेगळंच आहे, ओइदा, नंबर १४९२.