चार अँटेना, त्यातल्या दोन शोभेच्या

आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे मनातली लाज निघून जाईल. एका बनावट राउटरपायी ९,८३९ रुपये. त्यातले ८,०३९ मी स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून, चहा पाजून दिले. उरलेले १,८०० कसे गेले ते पुढे येईलच, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त झोंबतात.

मी नाशिकला राहते, घरून जीएसटीची कामं करते. लोकांची बिलं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण ज्या बिलावर मी फसले ते बिल माझ्या एखाद्या क्लायंटने आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.

झालं असं की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: रविवारी मोफत वायफाय तपासणी, ज्यांना नेट स्लो आहे त्यांनी फ्लॅट नंबर टाका. आमचं नेट स्लो होतंच. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राउटर हॉलमध्ये, मी बसते मागच्या खोलीत. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथे कसेबसे २०-२५ यायचे. महिनाभर मी राउटरचाच अभ्यास करत होते. वायफाय ५ की ६, एएक्स १५०० की ३०००, मेश (घरभर जोडलेले दोन-तीन छोटे राउटर) घ्यावं की नको. व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलं होतं. त्यामुळे आलेला माणूस अगदी माझ्याच भाषेत बोलायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं. 'मॅडम, तुम्हाला बरंच माहितीये,' असं म्हणाला. या वाक्याचे ५०० रुपये तरी त्याने नक्कीच लावले असणार.

त्याला आमचा प्लॅन माहीत होता, केबलवाला कोण तेही माहीत होतं. तेव्हा वाटलं, अधिकृत माणूस असणार. आता कळतं की जिन्याखालच्या केबलच्या डब्यात प्रत्येक वायरला फ्लॅट नंबर आणि प्लॅनची चिठ्ठी लावलेली आहे आणि डब्याला कुलूप नाही. तुमच्याही जिन्याखाली एकदा बघून या.

त्याने खोका उघडला. काळा, टोकदार, चार उंच अँटेनांचा राउटर, कोळी उलटा पडल्यासारखा. खोक्यावर 'वायफाय ६' आणि '६००० एमबीपीएस'. जुना काढला, नवा लावला, आणि मला मागच्या खोलीत नेऊन स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर वर. २८७.

आणि आता तो क्षण. रोज रात्री आठवतो.

मी त्याच्या मोबाइलकडे बघत होते. वरच्या पट्टीत डाव्या-उजव्या कुठल्याच कोपऱ्यात वायफायचा पंखा नव्हता. तिथे '५जी' होतं. मला ते दिसलं. दिसलं म्हणजे मी बोललेसुद्धा, 'अहो, वर ५जी दाखवतंय.' आणि तो एक सेकंदही न थांबता म्हणाला, 'तेच तर मॅडम! जुना २.४ वर होता, हा ५जी बँडवर चालतो.'

बाई गप्प बसली. कारण राउटरला ५ गिगाहर्ट्झचा बँड असतो हे मी वाचलेलं होतं. आमच्याच जुन्या वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं होतं. अर्धवट माहिती असली की थाप किती चपखल बसते बघा. ज्याला काहीच माहीत नसतं त्याने 'म्हणजे काय?' असं विचारलं असतं. मला विचारायची लाज वाटली, कारण दोन मिनिटांपूर्वीच मला बरंच माहीत होतं ना.

तर एकदाच नीट लिहिते. मोबाइलचं ५जी (पाचवी पिढी) वेगळं, वायफायचा ५ गिगाहर्ट्झ (लहरींची फ्रिक्वेन्सी) वेगळा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पट्टीत ५जी आहे आणि पंखा नाही याचा अर्थ तो मोबाइल कंपनीच्या टॉवरवर स्पीड मोजतोय, तुमच्या राउटरवर नाही. स्पीड टेस्टच्या पडद्यावर खाली कंपनीचं नावही येतं. तिथे तुमच्या ब्रॉडबँडवाल्याचं नाव दिसायला हवं. मी काट्याकडे बघत बसले, नावाकडे बघितलंच नाही.

माझ्या फोनवर लावून बघू का, असंही मी विचारलं होतं. तर म्हणे, 'तुमचा फोन जुना आहे, त्याला वायफाय ६ झेपत नाही.' हेही अर्धं खरंच आहे. वायफाय ६ चा पूर्ण फायदा हवा तर फोनही त्या तोलाचा लागतो. पण जुना फोन नव्या राउटरवर चालतो, अगदी आरामात चालतो. कुणी तुमच्याच घरात तुमच्याच फोनवर मोजू देत नसेल तर त्याला जिना दाखवा.

बिलाकडे वळते. राउटर ५,५००, सीजीएसटी ४९५, एसजीएसटी ४९५, एकूण ६,४९०. 'कॉन्फिगरेशन'चे ७५०, बिलाविना. तीन वर्षांच्या वॉरंटी कार्डाचे १,२९९. जुना राउटर एक्स्चेंजमध्ये घेतला त्याचे वजा ५००. झाले ८,०३९. पावतीवर नाशिकचा पत्ता आणि जीएसटी नंबर सुरू होतो २४ ने! २४ म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि गुजरातचा माणूस इथे माल विकून सीजीएसटी-एसजीएसटी लावतो? आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, लागला असता. एवढ्या दोन चुका एका हातभर कागदावर, आणि मी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. तीन आठवड्यांनी टाकला. असा नंबरच नाही.

का नाही बघितलं? रविवार होता, सासूबाईंची औषधांची वेळ झाली होती, कुकर लावला होता. शिवाय दारात आलेल्या माणसासमोर त्याचीच पावती पोर्टलवर तपासायची हे मला तरी जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही शहाणे.

क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. 'भावाचं खातं आहे, दुकानाचं केवायसी चालू आहे.' यावर मी काही बोलणार नाही.

पुढचे तीन आठवडे कळलं कसं नाही, असं आमच्या ह्यांनी विचारलं, तुम्हीही विचाराल. नेट स्लोच होतं की. पण आमच्या धंद्यात महिन्याच्या १९-२० तारखेला सगळं स्लोच असतं, ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायला अख्खा देश बसलेला असतो. मी शिव्या पोर्टलला घालत होते. गरीब बिचारं पोर्टल, आयुष्यात एकदाच निर्दोष होतं.

भाचा पुण्याहून लग्नाला आला होता. त्याने लॅपटॉपला राउटरची वायर थेट लावली. ९४.६. परत लावली. ९४.८. 'मावशी, हा १०० चा पोर्ट आहे गं,' म्हणाला. राउटरच्या मागची भोकं सहसा दोन जातींची असतात, १०० एमबीपीएसची आणि गिगाबिटची, म्हणजे हजारची. १०० वाल्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही निघत नाही, मग तुमचा प्लॅन ३०० चा असो की हजारचा. मग त्याने वायफाय जोडून लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बघितलं: 'वायफाय ४ (८०२.११एन)', बँड २.४ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झ नव्हताच त्यात! म्हणजे 'हा ५जी बँडवर चालतो' म्हणून विकलेल्या डब्यात तो बँडच नाही.

खालचं स्टिकर नखाने उचललं. त्याच्या खाली दुसरं स्टिकर, वेगळं नाव, '३०० एमबीपीएस'. मग भाच्याला चेव आला, त्याने स्क्रू ड्रायव्हर मागितला. झाकण निघालं. चार अँटेना, पण आतल्या हिरव्या पट्टीपर्यंत आलेल्या करड्या वायरी दोनच. बाकीच्या दोन अँटेना नुसती प्लास्टिकची नळी, आत पोकळ. एक मी हातात घेऊन हलवली, वजनच नाही. जेवायच्या टेबलावर तो उघडा डबा आणि भोवती आम्ही पाच जण, आणि सासूबाई म्हणतात, 'पहिला काय वाईट होता?'

वाईट नव्हता हो. पहिला डबल बँड होता, २.४ आणि ५ दोन्हीचा, गिगाबिट पोर्टचा होता. नवा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि तो माझा नव्हताच. केबलवाल्याने कनेक्शनबरोबर दिलेला, त्याच्याच मालकीचा. मी दुसऱ्याची वस्तू एक्स्चेंजमध्ये देऊन ५०० रुपये सूट मिळवली म्हणून खूश झाले होते. केबलवाल्याने शांतपणे १,८०० बिलात लावले. त्याचं काही चुकलं नाही, पण डब्याला कुलूप लाव म्हटलं तर म्हणतो सोसायटीने लावावं. सेक्रेटरी म्हणतात डबा केबलवाल्याचा.

आणि आता तक्रार. ही गोष्ट मी शांतपणे लिहू शकत नाही.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. बरं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणा. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून म्हणाले, 'पैसे दिले, वस्तू मिळाली. मग यात फसवणूक कसली? राउटर चालतोय ना?' मी म्हटलं, चालतोय, पण सांगितला तो नाही, ही सरळसरळ चारशे वीस आहे. तर साहेब हसले. 'ताई, चारशे वीस गेलं आता. नव्या कायद्यात तीनशे अठरा.' कलम दुरुस्त करून दिलं, तक्रार घेतली नाही! पोकळ अँटेना पिशवीतून काढून टेबलावर ठेवली तर शेजारचा हवालदार ती कानाला लावून हलवून बघतो. सायबर सेलला जा म्हणाले. सायबर सेल म्हणतो, माणूस घरी आला होता, यात सायबर काय? ग्राहक आयोगात जा. तिथे पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे चांगलं आहे, मान्य. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. पावतीवरच्या पत्त्यावर मी स्वतः रिक्षाने जाऊन आले. तिथे रसवंती आहे. खरा पत्ता शोधायचा कुणी? पोलिसांनी. आणि पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणाचं, हे बँकेला माहीत आहे. ती मला सांगणार नाही, पोलिसांनी मागितलं तर सांगेल. पोलीस मागायला तक्रार हवी. तक्रार ते घेत नाहीत. या गरगर फिरण्यात माझे चार दिवस आणि रिक्षाचे ३६० रुपये गेले, ते वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

सोसायटीच्या गेटवर रजिस्टर आहे. त्यात त्या रविवारी नोंद आहे: 'वायफायवाले', सही म्हणून एक रेघ, मोबाइल नंबर नऊ आकडी. सीसीटीव्ही १५ दिवसांनी पुसला जातो. मी एकविसाव्या दिवशी विचारलं.

म्हणून सांगते, पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्या तासात लावा. खातं गोठवता आलं तर तेव्हाच येतं. तीन आठवड्यांनी माझ्यासारखं लावून उपयोग नाही. गेटचं फुटेज त्याच दिवशी मागून ठेवा. केबलवाल्याचा राउटर कुणालाही देऊ नका, त्यालासुद्धा पावती घेतल्याशिवाय नाही. खोक्यावर एमआरपी आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर खोका उघडूच देऊ नका, माझ्या खोक्यावर नव्हतं. अडॅप्टरवर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून बघता येतो. माझ्या अडॅप्टरवर होता, पण भलत्याच कंपनीचा निघाला.

आणि ते खोक्यावरचे मोठे आकडे. खरा, नावाजलेला राउटरसुद्धा 'एएक्स ३०००' म्हणतो तेव्हा ती दोन्ही बँडची बेरीज असते, २.४ चे ५७४ आणि ५ चे २४०२. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो. बेरीज कुणालाच मिळत नाही. घरात ३०० चा प्लॅन असेल तर गिगाबिट पोर्टचा साधा एएक्स १५०० पुरून उरतो. आणि मागच्या खोलीत येत नसेल तर आधी राउटर कपाटाआडून काढा. मी हे शेवटी केलं. केबलवाल्याने दिलेला दुसरा राउटर पॅसेजमध्ये, दाराच्या वर लावला. मागच्या खोलीत १४० येतात. फुकटात. महिनाभर व्हिडिओ बघण्याऐवजी एक खिळा ठोकला असता तर.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं, पावतीचा फोटोही टाकला. दोन अंगठे आले आणि एक 'सो सॅड'. ज्याने मूळ मेसेज टाकला होता तो म्हणतो, त्याला दुसऱ्या ग्रुपवरून आला होता.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, 'तुमचाही चार अँटेनांचाच का गं?' त्यांनी ७,२०० दिले होते. मी म्हटलं, काकू, दोघींनी मिळून अर्ज दिला तर साहेबांना घ्यावाच लागेल, चला उद्याच. त्या तयार नाहीत. काकांना त्यांनी ३,००० सांगितलेत.