फ्लूम गॉर्ज की आर्टिस्ट्स ब्लफ? आई-बाबांना आणि पोरांना घेऊन फॉल कलर्स

भारतातून आई-वडील आलेले, घरात पाच-सहा वर्षांचं पोर, आणि ऑक्टोबरचा पहिला शनिवार मोकळा. बॉस्टनच्या आसपास राहणारा मराठी माणूस अशा वेळी दोन-सव्वादोन तास गाडी हाकत न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रँकोनिया नॉच या डोंगरखिंडीत फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी रंगलेली झाडं, बघायला जातो. तिथे गेल्यावर प्रश्न उरतो तो एवढाच, की फ्लूम गॉर्ज ही अरुंद घळ की आर्टिस्ट्स ब्लफ हा उंचावरचा खडक? लागोपाठच्या दोन वर्षी आम्ही दोन्ही केले. माणसं तीच होती: मी, बायको, लेक, आई आणि गुडघ्यांची तक्रार असलेले बाबा.

नुसत्या रंगांचा हिशेब केला तर ब्लफ पुढे आहे, यात वाद नाही. वरच्या खडकावर उभं राहिलं की खाली इको लेक हे तळं, उजवीकडे कॅनन माउंटन, मधून वळत गेलेला रस्ता, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर लाल, नारिंगी, पिवळा असा सगळा पसारा एका नजरेत येतो. कॅलेंडरवर दिसतं ते हेच. बाल्ड माउंटनचा फाटा धरून सगळा लूप जेमतेम दीड मैलाचा, तिकीट नाही. ऐकायला इतकं सोपं, की पहिल्या वर्षी आम्ही दुसरा विचारच केला नाही.

पार्किंगचं रडगाणं सगळेच गातात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. आठच्या आत पोचा, नाहीतर लांब लावून चालत या. रस्त्याच्या कडेला लावायच्या फंदात पडू नका. आमची गाडी सव्वानऊला लागली, तीही बरीच लांब, पण तेवढ्याने काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते उतरताना. आम्ही पश्चिमेकडून चढलो, तो रस्ता तसा सौम्य आहे. खडकावर फोटो झाले, आईने डब्यातल्या दशम्या वाटल्या, आणि मग आलो त्याच दिशेने पुढे, म्हणजे पूर्वेकडच्या घळीतून खाली निघालो. ही घळ म्हणजे उभी दगडी उतरंड. आदल्या रात्री भुरभुर पाऊस झालेला. दगडांवर मेपलच्या ओल्या पानांचा थर असा बसला होता, की कुठे दगड आहे आणि कुठे दोन दगडांमधली फट, ते पाऊल टाकल्याशिवाय कळत नव्हतं. खालून चढणाऱ्यांची रांग वेगळीच. त्यांना वाट द्यायला बाबा बाजूला सरकले आणि सरळ बसलेच. लागलं फारसं नाही. हात टेकून उठले तेव्हा तळव्याला एक लालभडक पान चिकटलेलं होतं. ते त्यांनी नातीला दिलं आणि म्हणाले, "यापेक्षा सज्जनगडाच्या पायऱ्या परवडल्या." पुढचा उतार ते एक हात माझ्या खांद्यावर ठेवून उतरले. लेक बायकोच्या कडेवर. ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो त्या पानांकडे, पायाखाली सोडून, त्या अर्ध्या तासात कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

चूक आमचीही होती, हे मान्य. घळीतून चढावं आणि पश्चिमेकडून उतरावं, हे जाणत्यांनी नंतर सांगितलं. पण पानं आणि ओल ऑक्टोबरात असायचीच, आणि धरायला कठडा मला तरी कुठे दिसला नाही.

दुसऱ्या वर्षी म्हणून फ्लूम. इथे तिकीट आहे, पाच जणांचं मिळून खिशाला जाणवण्याइतकं. वेळ ठरवून ते आधीच ऑनलाइन काढलेलं बरं. चाल सुमारे दोन मैल, म्हणजे ब्लफपेक्षा जास्तच. पायऱ्याही आहेत आणि घळीच्या भागात त्या बऱ्यापैकी आहेत. पण तिथे लाकडी फळ्यांची वाट आहे आणि हाताशी कठडा आहे. बाबांनी तो कठडा पकडला आणि मग मान वर केली. ब्लफच्या उतारावर त्यांनी मान वर केल्याचं मला आठवत नाही.

घळ ८०० फूट लांब, दोन्हीकडे ७० ते ९० फूट उंच ग्रॅनाइटच्या भिंती, मधलं अंतर काही ठिकाणी १२ फूटच. पूर्वी या भिंतींच्या बेचक्यात एक भलामोठा धोंडा अडकून लटकलेला होता. १८८३ च्या वादळी पावसात तो वाहून गेला. लेकीला ही गोष्ट इतकी आवडली की "मग तो कुठे गेला?" हे घरी येईपर्यंत चाललं. पुढे सेंटिनल पाइन पूल लागतो. १९३८ च्या चक्रीवादळात एक प्रचंड पाइन कोसळला, त्याच्याच खोडावर पुढच्या वर्षी हा पूल उभारला. बाबा पुलापाशी वाकून खालचं खोड शोधत बराच वेळ उभे होते.

रंगांचं खरं सांगायचं तर घळीच्या आत ते कमी आहेत. वर आकाशाची पट्टी, तिच्यात बर्च आणि बीचची पिवळी पानं, एखादं गिरक्या घेत पाण्यात पडणारं. लाल मेपल भेटतात ते घळ संपल्यावर जंगलातल्या वाटेवर, तेही अगदी हाताच्या अंतरावर. पाचशे फोटो काढणाऱ्याला हे तोकडं वाटेल. लेकीने मात्र तिथे पिशवीभर पानं गोळा केली. आईने त्यातलं एक उचलून न्याहाळलं. "आपल्याकडे आंब्याची पालवी अशी असते बघ, तांबूस. यांची म्हातारपणी रंगतात." पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो, लाल मात्र झाड शरदातच नव्याने तयार करतं, हे मी तिला सांगायला लागलो. तोवर ती पुढचं पान वेचायला गेली होती.

गर्दी दोन्हीकडे सारखीच. फळ्यांवर पुढचा फोटोला थांबला की मागची रांग थांबते, हा फ्लूमचा वैताग. पण थांबलेल्या रांगेत कुणी पडत नाही.

तुमची मुलं दहा-बाराची असतील, आई-वडील टेकड्या चढणारे असतील, आणि आदल्या दिवशी पाऊस नसेल, तर ब्लफला जरूर जा, सकाळी लवकर आणि घळीतून चढून. कदाचित तुम्हाला माझं म्हणणं पटणारही नाही. या वर्षी आई-बाबा साताऱ्यातच आहेत, म्हणजे ब्लफला जायला आम्हाला तशी काहीच अडचण नाही. तरी शनिवारची सकाळची तिकिटं फ्लूमचीच काढून झाली आहेत. ते झालं की गाडी थोडी पुढे इको लेकला नेऊ आणि काठावर दशम्या खात ब्लफचा खडक खालून बघू.