गारपिटीनंतर छताची दुरुस्ती : मानेवाडा रस्त्यावरील दुकानाची सेवा

विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर होणारी गारपीट संत्र्याच्या आंबिया बहाराची जशी नासाडी करते, तशीच ती नागपुरातील गच्चीवरच्या शेडचीही करते. आमच्याकडे गारांनी फायबरचे पत्रे फोडले आणि वाऱ्याने कडेचे टिनपत्रे उचकटून टाकले. दुरुस्तीचे काम मानेवाडा रस्त्यावरील एका पत्रेविक्रेत्याकडे सोपवले.

त्यांच्या कारागिराने प्रथम सांगाडा तपासला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाऱ्याचे उचलणारे बल छताच्या कडांवर व कोपऱ्यांवर सर्वाधिक असते, म्हणून तेथे त्याने स्क्रू जवळजवळ बसवले आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर घातला. फायबरऐवजी पॉलिकार्बोनेटचे पत्रे सुचवले. ते महाग असले तरी गारांचा मार पुष्कळ अधिक सोसतात. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वर ठेवली, अन्यथा पत्रा लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडली, कारण 3 मीटर लांबीचा असा पत्रा तापमानात 40 अंशांचा फरक पडल्यास सुमारे 8 मिलिमीटरने वाढतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात हा हिशेब दुर्लक्षून चालत नाही.

तक्रार एवढीच की जुन्या पत्र्यांची वाहतूक त्यांनी आधी न सांगता बिलात जोडली. नुकसानीची छायाचित्रे मात्र काम सुरू होण्यापूर्वीच काढावीत. विमा असल्यास ती लागतात.